बाराखडी पाठ, पण 'काका' वाचता येईना: घरी मराठी वाचन शिकवताना

माझी भाची पहिलीत होती तेव्हाची गोष्ट. 'क का कि की' पासून थेट 'ज्ञ' पर्यंतची बाराखडी ती एका दमात म्हणायची. पाहुणे आले की हा कार्यक्रम ठरलेला. एकदा मी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे ठळक अक्षरांत 'काका' लिहिलं आणि तिच्यासमोर धरलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "क ला काना का... क ला काना का..." आणि थांबली. शेजारी तिचा सख्खा काका चहा पीत बसला होता, तोंडाने ती दोनदा 'का' म्हणाली होती, तरी त्या दोघांची गाठ काही पडली नाही.

तिला अक्षरं येत होती. बोलायला तर ती कुणाला ऐकायची नाही. पण कागदावरचं अक्षर आणि रोजच्या तोंडातली भाषा या तिच्यासाठी दोन वेगळ्या खोल्या होत्या आणि मधलं दार कुणी उघडून दिलं नव्हतं. त्यानंतर वस्तीतल्या बालवाडीत आणि घरच्या पोरांबरोबर बरीच वर्षं हे दार उघडायची खटपट केली. त्यातून जे हाती लागलं ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. पहिल्यांदाच हे काम अंगावर घेणारे आई-बाबा, आजी-आजोबा, नव्याने रुजू झालेली बालवाडीची ताई यांच्यासाठी. मूल साधारण साडेतीन ते सात वर्षांचं आहे असं धरलं आहे.

सामान फार लागत नाही. जुन्या लग्नपत्रिका (त्यांचा कागद जाड असतो, कार्डं छान होतात), कात्री, दोन रंगांचे स्केचपेन, पाटी-पेन्सिल आणि गोष्टींची चार-पाच पातळ पुस्तकं. वेळ रोज पंधरा मिनिटं. रविवारी दोन तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही, हे मी करून पाहिलं आहे.

पहिली पायरी: कान

ज्या शब्दाची कानाला ओळख नाही तो शब्द डोळ्यांनी वाचला तरी मुलाला भेटत नाही. म्हणून साडेतीन ते पाच या वयात अक्षरांची घाई नको, बोलणं वाढवा. म्हणजे काय करायचं? स्वयंपाकघरात 'ते दे' म्हणण्याऐवजी 'ती सांडशी दे', 'झाऱ्याने काढ, पळीने नको' असं म्हणायचं. बाजारातून आल्यावर पिशवी मुलाला रिकामी करू द्यायची आणि गवार, घेवडा, चवळी यांची नावं आपसूक होऊ द्यायची. 'हा रंग कोणता?' असे परीक्षेतले प्रश्न कमी करून 'मग काय झालं?' हा प्रश्न जास्त विचारायचा. पहिल्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर येतं, दुसऱ्याला गोष्ट येते.

त्याच वयात आवाजांचे खेळ सुरू करा. नावाला टाळ्या वाजवायच्या: को-थिं-बीर, तीन टाळ्या. टो-मॅ-टो, तीन टाळ्या. मग घरातल्यांची नावं, मग गावांची. पुढे 'म' ने सुरू होणाऱ्या वस्तू शोधायच्या. मूल 'मीठ' म्हणेल, 'मोहरी' म्हणेल, 'मिरची' म्हणेल. 'मी तर वेगळं अक्षर आहे' असं म्हणून त्याला अडवू नका. म, मी, मो यांत एकच ओठ मिटणं आहे हे त्याच्या कानाला कळलंय, आणि पुढे मात्रा-वेलांट्या शिकवताना हेच भांडवल कामी येतं. गावांच्या भेंड्या पाच वर्षांच्या मुलाला जरा जड जातात, कारण शब्दाचा शेवट पकडणं सुरुवात पकडण्यापेक्षा अवघड असतं. सहाव्या-सातव्या वर्षी मात्र त्या जमतात, आणि त्याच सुमाराला 'च'ची भाषा शिकवून टाका. 'मी घरी जाते'चं 'चीम चरीघ चातेज' करायला मुलाला प्रत्येक शब्दाचं पहिलं व्यंजन सोलून काढावं लागतं, त्याची स्वरचिन्हं 'च'ला चिकटवावी लागतात आणि सोललेलं व्यंजन शेवटी नेऊन ठेवावं लागतं. एवढा कसून व्यायाम कुठल्याही कार्यपुस्तिकेत मला सापडलेला नाही. आणि तो मुलं जिन्यात बसून फुकट करतात.

आता घरच्या बोलीबद्दल. घरी अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, वारली, कोरकू यांतलं काही बोललं जात असेल, किंवा मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणत असेल, तर अनेक पालक आधी ती बोली 'सुधारायला' लागतात. ते करू नका. तारा मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवू लागल्या, तेव्हा मूल शाळेकडे येत नाही तर आपण पाड्यावरच्या अंगणात जाऊ, असं त्यांनी ठरवलं. साधनंही तिथलीच, शंख-शिंपले, बिया, पानं. बोलीचंही तसंच आहे. मूल 'मी पानी पेलो' म्हणालं तर 'चूक' म्हणायचं कारण नाही. 'पाणी प्यायलास? अजून हवं?' एवढं म्हणायचं. पुस्तकातला शब्द त्याच्या शब्दाच्या शेजारी येऊन बसतो. आईचा शब्द हाकलून तो बसवला, तर मूल बोलणंच कमी करतं, आणि न बोलणाऱ्या मुलाला वाचायला शिकवणं फार कठीण.

दुसरी पायरी: मांडीवरचं पुस्तक

रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. सांगायची गोष्ट वेगळी आणि वाचायची वेगळी, दोन्ही हव्यात. वाचताना मूल शेजारी किंवा मांडीवर, पुस्तक दोघांच्या मध्ये, आणि तुमचं बोट ओळीखाली हलकेच सरकत राहिलेलं. या बोटावरून मुलाला कुणी न सांगता तीन गोष्टी कळतात: आवाज चित्रातून येत नाही, त्या काळ्या आकारांतून येतो, ओळ डावीकडून उजवीकडे जाते, शब्दांच्या मध्ये जागा असते.

तेच पुस्तक विसाव्यांदा मागितलं तर कंटाळा गिळून विसाव्यांदा वाचा. दहाव्या वेळेपासून वाक्याच्या शेवटी थांबायला लागा, मूल उरलेला शब्द भरेल. मग एखाद दिवशी ते पुस्तक उलटं धरून 'वाचून' दाखवेल. हसू नका, आणि 'हे काही खरं वाचन नव्हे' असं तर अजिबात म्हणू नका. वाचणाऱ्या माणसासारखं वागणं ही वाचनाची पहिली खूण आहे.

पुस्तकं कुठून आणायची? ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रांची पुस्तकं पाहा, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्तातली मराठी पुस्तकं पाहा. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि फुकट वाचता येतात, छापून घेता येतात. निवडताना एकच कसोटी लावा: पहिलं पान मोठ्याने वाचा. तुमची जीभ अडखळली, 'त्यांस', 'परंतु', 'सदर' असलं काही लागलं, तर ते पुस्तक परत ठेवा.

तिसरी पायरी: त्याचं बोलणं, तुमचं अक्षर

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काम हीच करते. मुलाला विचारा, 'आज काय झालं?' ते सांगेल, 'मांजरीनं दूध सांडलं आणि आजी ओरडली.' त्याच्या तोंडचं वाक्य, त्याच्याच शब्दांत, त्याच्यादेखत कागदावर लिहा. लिहिताना शब्द मोठ्याने म्हणा. मग बोट फिरवत दोघांनी वाचा. खाली चित्र त्याने काढायचं. असे पंधरा-वीस कागद झाले की दोऱ्याने शिवा, त्याचं पहिलं पुस्तक तयार.

वाक्य मुलाचंच असल्यामुळे पुढचा शब्द काय येणार हे त्याला माहीत असतं, आणि तो कागदावर कुठे बसलाय हे बघण्यापुरतंच काम डोळ्यांना उरतं. माझ्या भाचीने पहिल्यांदा स्वतःहून ओळखलेला शब्द 'काका' नव्हताच. तो होता 'ओरडली'. अशा एकवीस-बावीस कागदांत तो सात-आठ वेळा आला होता, आता आजीची बदनामी झाली त्याला इलाज नाही.

चौथी पायरी: अक्षरं, पण गटागटाने

इथे जरा सविस्तर थांबावं लागेल.

आपल्याकडे रूढ क्रम असा: आधी सगळे स्वर, मग 'क' ते 'ज्ञ' सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं. यात अडचण अशी की बाराखडी येईपर्यंत मुलाला वाचायला जे शब्द मिळतात ते सगळे बिनकान्यामात्रेचे: नमन, कपट, अटक, सरपण. पाच वर्षांचं कोणतं पोर घरात 'कपट' म्हणतं? त्याच्या तोंडचे शब्द म्हणजे आई, बाबा, पाणी, वडा, गाडी, आणि त्या प्रत्येकात काना किंवा वेलांटी आहे. म्हणजे महिनोन्महिने आपण त्याला अक्षरं देतो आणि त्याची भाषा मात्र कुलपात ठेवतो.

दुसरा रूढ क्रम 'ग म भ न' हा. तो आकारांवर बेतलेला आहे: एक वळण गिरवलं की पुढचं सोपं. हाताला ही युक्ती खरोखर सोयीची, पण डोळ्यांना तीच जाचते. 'म' आणि 'भ' एकाच आठवड्यात शिकलेलं मूल पुढे सहा महिने त्यांची अदलाबदल करत राहतं. म्हणून लिहिण्यासाठी ग-म-भ-न खुशाल ठेवा. वाचण्यासाठी मात्र दिसायला एकमेकांपासून दूर असलेली अक्षरं एकत्र घ्या. घ आणि ध, थ आणि य, ब आणि व, प आणि ष, ड आणि ह या जोड्यांतलं एक पक्कं झाल्याशिवाय दुसरं आणू नका.

तिसरी गोष्ट भिंतीवरच्या तक्त्याची. 'अ अननसाचा' ठीक आहे, गोड आहे. पण 'क कमळाचा' इतक्यांदा घोकून घेतलं जातं की 'क' दिसला की मूल 'कमळ' म्हणतं, आणि मग 'काका' म्हणजे दोन कमळं होऊन बसतात. शिवाय यज्ञ, ऋषी, क्षत्रिय ही मंडळी हल्ली वस्तीत फारशी दिसत नाहीत. तक्ता राहू द्या भिंतीवर, पण अक्षर दाखवताना फक्त त्याचा आवाज म्हणा.

मग करायचं काय? पाच-सहा अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह यांचा एक गट करायचा, आणि त्या गटातून खरे शब्द, शक्यतो पहिल्याच आठवड्यात वाक्य निघालं पाहिजे. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या वाचनावर अनेक वर्षं जे काम केलं, त्याची दिशाही अक्षरं आणि अर्थ एकत्र ठेवण्याचीच आहे. मी वापरते ते गट असे.

पहिला गट: म, क, ल, त, र आणि काना. यातून मामा, काका, ताक, तारा, रात, लाल, काम, मला एवढे शब्द निघतात. वाक्य: 'काका, काम करा.' आणि मुलांचं अत्यंत आवडतं: 'मामाला मार.' हे वाक्य वाचलं की मूल आधी कागदाकडे आणि मग मामाकडे बघतं. त्या क्षणी वाचन झालेलं असतं.

दुसरा गट: आ, ई, ब, स, न, प आणि दुसरी वेलांटी. आता आई, बाबा, नाक, कान, पान, साप, पाल आणि बस आली. 'बाबा, बस आली.' 'मामी, पाल!' घरातल्या सगळ्यांना एकेक चिठ्ठी लिहा आणि ती पोचवायचं काम मुलाला द्या.

तिसरा गट: ज, घ, व, ह आणि एक मात्रा, काना-मात्रा. 'आजोबा घरी आले.' 'तो मोर आहे.' आजी, हात, हवा, वारा. (आत्याला मात्र जोडाक्षरापर्यंत थांबावं लागतं. आमच्याकडे यावरून रुसवा झाला होता, शेवटी तिचं नाव अख्खंच चित्रासारखं पाठ करून टाकलं.)

चौथ्या गटात ड, ण, च आणले की 'मला वडा हवा', 'मला चहा नको', 'पाणी आण' ही वाक्यं वाचता येतात. आता मूल मागण्या लिहू-वाचू शकतं, म्हणजे वाचनाचा त्याला रोख फायदा दिसतो. इथून पुढचे गट तुमच्या मुलाच्या शब्दांवरून तुम्हीच करा. त्याच्या नावातली अक्षरं लवकर घ्या. स्वतःचं नाव हा प्रत्येक मुलाचा पहिला धडा असतो. ङ, ञ, ऌ, अः यांची घाई कशालाच नाही. उलट ॲ आणि ऑ लवकर लागतात. राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयाने त्यांना वर्णमालेत रीतसर जागा दिली, आणि रस्त्यावर तर ते आधीपासूनच आहेत: बॅग, मॅगी, डॉक्टर, ऑटो.

पंधरा मिनिटांची एक बैठक साधारण अशी जाते. पहिली तीन-चार मिनिटं कालची कार्डं: जमिनीवर पसरायची, तुम्ही आवाज म्हणायचा, मुलाने त्या कार्डावर उडी मारायची. मग एक नवं अक्षर, फक्त एक. मग जुळवाजुळव: 'म'चं कार्ड, शेजारी काना लिहिलेली बारीक पट्टी सरकवत आणायची, 'म... मा'. पट्टी काढली, 'म'. लावली, 'मा'. हे मुलाच्या हातात द्या, ते स्वतःच दहा वेळा करतं. 'क ला काना का' हे म्हणायला लावू नका. काना, वेलांटी, उकार ही नावं लिहिताना आणि शुद्धलेखनात लागतील, वाचताना ती मध्ये कडमडतात. शेवटची पाच मिनिटं शब्द आणि वाक्यं. मूल कंटाळायच्या आधी उठा.

जिथे गाडी हमखास अडते

पहिली अडचण: 'घ... र...' असं सुटं वाचून मूल 'घर' म्हणत नाही. त्याचं कारण आपल्या लिपीत आहे. प्रत्येक व्यंजनात 'अ' दडलेला असतो, पण बोलताना शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण गिळतो. आपण 'घर्' म्हणतो, मूल प्रामाणिकपणे 'घअ-रअ' वाचतं आणि असला शब्द त्याने कधी ऐकलेलाच नसतो. उपाय सोपा आहे: दोन कार्डं लांब ठेवा, म्हणत म्हणत जवळ सरकवा, चिकटली की झटकन एकत्र म्हणा. आणि नंतर विचारा, 'आपण याला काय म्हणतो?' कान पुढचं काम करतो. चार अक्षरी शब्द दोन-दोनात तोडून द्या: गड-बड, खट-पट, झट-पट.

दुसरी: पहिली वेलांटी. लिहायची अक्षराच्या आधी, म्हणायची नंतर. डावीकडून उजवीकडे जा असं आपणच शिकवलेलं, आणि इथे आपणच नियम मोडतो! वेलांटीची पट्टी वेगळ्या रंगात करा आणि म्हणून आधी दुसरी वेलांटी शिकवा, तिचा त्रास नाही. उच्चारात ऱ्हस्व-दीर्घ ताणून दाखवायच्या भानगडीत पडू नका, आपण स्वतः तरी कुठे तसं बोलतो.

तिसरी अडचण वाटते तेवढी मोठी नाही: अनुस्वार. आंबा, घंटा, गंगा यांत तो वेगवेगळा ऐकू येतो, पण त्याचे नियम सांगायची गरज पडत नाही. 'नाकातून म्हण' एवढं सांगितलं की मराठी बोलणारं तोंड बरोबर उच्चार आपोआप करतं. च, ज, झ यांचंही तसंच. 'चिमणी'तला च आणि 'चमचा'तला च वेगळे, 'जहाज' या एका शब्दात तर दोन्ही ज आहेत. मुलाला एवढंच सांगा: या अक्षराचे दोन आवाज आहेत, दोन्ही लावून बघ, ज्याने शब्द होईल तो खरा. ही 'लावून बघ'ची सवय पुढे सगळीकडे उपयोगी पडते. आणखी एक लक्षात ठेवा: मोबाईलवर किंवा हिंदी तक्त्यांवर ल आणि श यांचे आकार मराठी पुस्तकांपेक्षा वेगळे दिसू शकतात. मूल 'हे कुठलं अक्षर?' म्हणून अडलं तर दोष त्याच्या डोळ्यांचा नाही.

पाचवी पायरी: जोडाक्षरं, पण ठरलेल्या वेळेआधी

जोडाक्षरं शेवटी शिकवायची प्रथा आहे, पण मराठीची साधी गोष्ट उघडा: 'म्हणाला', 'त्याला', 'माझ्या', 'घराच्या'. पहिल्या चार ओळींत जोडाक्षर आलंच. म्हणून म्ह, त्या, च्या, ल्या, झ्या एवढे पाच-सहा तुकडे तिसऱ्या-चौथ्या गटाबरोबरच चित्रासारखे ओळखायला शिकवा. फोड करून दाखवायची गरज नाही.

रीतसर जोडाक्षरं घ्याल तेव्हा द्वित्तापासून सुरुवात करा: गप्पा, पत्ता, चप्पल, पक्का. तेच अक्षर दोनदा असल्याने मुलाला 'अर्धं' म्हणजे काय ते तोंडाने कळतं. मग उभी रेघ गळणारी: पुस्तक, गोष्ट, आत्या. 'र'ची मंडळी सगळ्यांत शेवटी, कारण तो चार वेषांत येतो: सूर्य, चक्र, ट्रक आणि दऱ्या. 'दर्या' आणि 'दऱ्या' ही जोडी शेजारी लिहून, एकाखाली समुद्र आणि दुसरीखाली डोंगर काढून घ्या. त्र, क्ष, ज्ञ हे सरळ पाठ.

लिहिणं

वाचनाच्या मागोमाग, बरोबरीने नको. चार वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल धरून लिहायची पुरेशी ताकद आलेली नसते. त्याला कणीक मळू द्या, मटार सोलू द्या, रांगोळीच्या ताटलीत बोटाने अक्षर काढू द्या. पूर्वी धुळपाटी असायची ती याचसाठी. दसऱ्याला पाटीपूजन करत असाल तर ती एकाच्या आकड्यांची सरस्वती मुलाकडून काढून घ्या, उभ्या रेघांचा तेवढा सराव कुणी हौसेने करत नाही.

पान-पान एकच अक्षर गिरवणं टाळा. त्याऐवजी खरं लिहिणं द्या: वाण्याची यादी, दारावर 'आत येऊ नये', आजीला चिठ्ठी. 'मि आज पानि भरल' असं आलं तर आनंदाने वाचा. मुलाने ऐकलेला प्रत्येक आवाज कागदावर उतरवला आहे. वेलांट्या दुरुस्त करायला अजून बरीच वर्षं पडली आहेत.

रस्ता

एसटीच्या पाट्या, मैलाचे दगड, दुकानांची नावं. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदा दुरुस्तीनंतर लहान-मोठ्या सगळ्याच दुकानांना मराठी पाटी लावणं बंधनकारक झालं, त्यामुळे शहरातल्या मुलांनाही चालता चालता वाचायला भरपूर मिळतं. पाट्यांवरचं मराठी अनेकदा 'फॅशन कॉर्नर' आणि 'मोबाईल शॉपी' असतं हे खरं, पण लिपीच्या सरावाला तेही चालतं. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी तर हा मार्ग फार चांगला, कारण शब्द ओळखीचा आणि लिपी नवी असते. अशा मुलांना दोन्ही लिप्या एकाच महिन्यात सुरू करू नका, एक रुळली की दुसरी. घरात मराठी बोललं जात असेल तर पहिली मराठी घ्यावी असं माझं मत: आवाज आणि अक्षर यांचं नातं देवनागरीत जास्त सरळ आहे, आणि ते एकदा कळलं की इंग्रजी शिकतानाही कामी येतं. परदेशी असाल तर रस्त्याची ही सोय नाही. तिथे आजीशी व्हिडिओ कॉलवर 'आज काय झालं?' चे कागद एकमेकांना वाचून दाखवा. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात, जवळ असेल तर जरूर पाठवा, पण आठवड्यातून एकदाची शाळा रोजच्या पंधरा मिनिटांची जागा घेत नाही.

कुठवर आलंय ते कसं बघायचं

परीक्षा नको, पण अंदाज हवा. 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' पाहणीत गावोगाव घरी जाऊन मुलांचं वाचन तपासते, तीच पद्धत घरी वापरता येते. एका कागदावर चार गोष्टी लिहा: काही सुटी अक्षरं, काही सोपे शब्द, चार वाक्यांचा सोपा परिच्छेद आणि जरा मोठी गोष्ट. आधी परिच्छेद द्या. तो सहज वाचला तर गोष्ट द्या. अडखळत असेल तर शब्दांवर या, तेही जड गेले तर अक्षरांवर. मूल जिथे आरामात आहे तिथून तुमचं काम सुरू होतं, इयत्तेवरून नव्हे. दोन महिन्यांतून एकदा पुरे. आणि वाचून झाल्यावर 'काय झालं गोष्टीत?' हे विचाराच. सफाईने वाचून काहीच न कळलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना पुन्हा अक्षरं शिकवून उपयोग नसतो, त्यांना पहिल्या पायरीवरच्या गप्पा लागतात.

सुरुवातीला घ-ध किंवा भ-म यांची गल्लत होणं अगदी स्वाभाविक आहे. पण दुसरी संपत आली, रोज सराव झाला, तरी सोपे शब्द जुळत नसतील तर आधी कान आणि डोळे तपासून घ्या. बालवाडीत एक मुलगा तीन महिने 'ढ' म्हणून मागे बसत होता, त्याला फळाच दिसत नव्हता. दोन्ही ठीक असेल तर बालरोगतज्ज्ञांना अध्ययन अक्षमतेबद्दल (बाकी सगळं ठीक असूनही वाचणं-लिहिणं जड जाणं) विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणीची सोय आहे. 'आळशी आहे' हे निदान मात्र कुणीही घरबसल्या करू नये.

वाचू लागल्यावर

मूल स्वतः वाचायला लागलं की पालक सुटकेचा श्वास टाकतात आणि वाचून दाखवणं बंद करतात. हे फार लवकर होतं. दुसरीतलं मूल जे स्वतः वाचू शकतं ते त्याला समजू शकणाऱ्या गोष्टीपेक्षा खूप साधं असतं, त्यामुळे त्याला चांगली, लांब, भागाभागांची गोष्ट तुमच्याच तोंडून मिळणार. निदान चौथीपर्यंत वाचत राहा. आणि एक लबाडी करा. गोष्ट ऐन रंगात आली, वाघ गुहेच्या तोंडाशी आला, की म्हणा, "अगं बाई, कुकर बंद करायचा राहिला," आणि पुस्तक तिथेच उघडं, पालथं ठेवून आत जा. पाच-दहा मिनिटं बाहेर येऊ नका.